ऊर्जेला दिशा नसते : एमिली द्यु शातलेचं गणित

अकरावीच्या विद्यार्थ्याला एक साधं गणित घाला. दोन किलोग्रॅम वस्तुमानाच्या गोळ्याची गतिज ऊर्जा २५ ज्यूल आहे, तर त्याच्या संवेगाचे आडवा आणि उभा असे दोन घटक काढा. पहिली पायरी तो सहज चढतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. त्यावरून वेग निघतो सेकंदाला ५ मीटर. वस्तुमानाला वेगानं गुणलं की संवेग येतो १०. पण त्याचे घटक काढायला गेलं की पेन थांबतं. गोळा चाललाय कुठे? सरळ, वर की तिरका? गणितात ते दिलेलंच नाही, आणि २५ ज्यूल या आकड्यातून ते कितीही पिळलं तरी निघत नाही. गोळा जमिनीशी साधारण ३७ अंशांचा कोन करून वर चाललाय एवढं कळलं, तर मात्र उत्तर लगेच येतं. आडवा घटक ८, उभा घटक ६.

ऊर्जा फक्त ‘किती’ ते सांगते, संवेग ‘किती आणि कुठे’ ते सांगतो. आज पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही लागतात, हे उमगायला युरोपातल्या पंडितांना अर्धशतकाहून जास्त काळ भांडावं लागलं. त्या भांडणात एका बाईनं उडी घेतली. तिला कुठल्याही विद्यापीठाचं दार उघडं नव्हतं, कुठल्याही विज्ञानसभेत बसायला जागा नव्हती. तिचं नाव एमिली द्यु शातले.

एमिलीचा जन्म १७ डिसेंबर १७०६ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चौदाव्या लुईच्या दरबारात परदेशी वकिलांना राजासमोर सादर करणारे अधिकारी. घर सुखवस्तू. त्या काळी अशा घरातल्या मुलीचं शिक्षण म्हणजे चार रीतिरिवाज, थोडं वाचन आणि मग लग्न. एमिलीच्या वडिलांनी मात्र लेकीला लॅटिन आणि गणित शिकू दिलं. १७२५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी तिचं लग्न लष्करातल्या एका सरदाराशी, मार्की द्यु शातले यांच्याशी झालं. पुढे एक मुलगी आणि दोन मुलगे झाले. धाकटा मुलगा तान्हा असतानाच गेला.

नवरा बराच काळ पलटणीसोबत बाहेर असे. पॅरिसमध्ये एमिली नाटकं पाही, पत्ते खेळे, दरबारी मेजवान्यांना जाई. पण विशीच्या उत्तरार्धात तिनं पुन्हा गणित हातात घेतलं, आणि या वेळी ते सोडलं नाही. १७३३ मध्ये मोपेर्त्यूई हा नामवंत गणिती तिला शिकवू लागला. पुढे क्लेरो हा त्याहून तरुण आणि तितकाच तल्लख गणिती तिच्या मदतीला आला. त्याच वर्षी तिची लेखक व्हॉल्तेअरशी जवळीक झाली. पुढच्या वर्षी व्हॉल्तेअरच्या पुस्तकावरून त्याच्या अटकेचं फर्मान निघालं, तेव्हा त्यानं शांपान्य प्रांतातल्या सिरे गावी, द्यु शातले घराण्याच्या जुन्या गढीत आसरा घेतला. एमिलीही तिथे राहायला गेली. या दोघांनी गढी दुरुस्त करवली, ग्रंथालय उभं केलं, प्रयोगाची उपकरणं मागवली. या नात्याला एमिलीच्या नवऱ्यानं आडकाठी केली नाही. पुढची काही वर्षं ही आडगावची गढी म्हणजे एक खासगी विज्ञान संस्थाच होती.

तिथे दोघांचं दैवत होतं न्यूटन. १७३८ मध्ये व्हॉल्तेअरनं न्यूटनच्या विचारांची ओळख करून देणारं पुस्तक छापलं. त्याच्या मुखचित्रात एमिली आहे. न्यूटनकडून येणारा प्रकाश ती आरशानं खाली लिहीत बसलेल्या व्हॉल्तेअरवर पाडते. चित्रात ती प्रेरणादेवता. प्रत्यक्षात गढीतलं अवघड गणित तिलाच जास्त कळत होतं.

ती स्वतंत्रपणे काय करू शकते हे त्याआधीच दिसलं होतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं अग्नीचं स्वरूप या विषयावर निबंध स्पर्धा जाहीर केली. व्हॉल्तेअर लोखंड तापवून वजनं करत निबंध लिहू लागला. एमिली त्याला मदत करत होती, पण त्याचे निष्कर्ष तिला पटत नव्हते. तिनं स्वतःचा निबंध लिहायला घेतला, तोही चोरून, रात्री जागून. ही गोष्ट फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होती. वेगवेगळ्या रंगांच्या किरणांतून मिळणारी उष्णताही वेगवेगळी असावी, असा एक तर्क त्या निबंधात आहे. १७३८ च्या निकालात बक्षीस ऑयलर आणि इतर दोघांना मिळालं. पण एमिलीचा आणि व्हॉल्तेअरचा असे दोन्ही निबंध छापण्याचं अकादमीनं ठरवलं.

इथेच तो जुना वाद तिच्या वाट्याला आला. प्रश्न असा होता : चालत्या वस्तूत जे ‘बळ’ असतं ते मोजायचं कसं? देकार्तनं सतराव्या शतकात सांगितलं होतं की वस्तुमान गुणिले वेग. विश्वातल्या या गतीची एकूण रक्कम कायम राहते, असं त्याचं म्हणणं. पण त्यानं दिशा हिशेबात धरली नव्हती. १६८६ मध्ये लायब्निझनं त्याला आव्हान दिलं. त्याच्या मते खरं माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. त्याला त्यानं ‘जिवंत बळ’ म्हटलं. एक शेर वजन चार हात वर उचलायला जितके श्रम, तितकेच चार शेर वजन एक हात उचलायला. ही दोन वजनं खाली सोडली, तर हलकं वजन जमिनीवर जड वजनाच्या दुप्पट वेगानं आदळतं, चौपट वेगानं नाही. मग दोघांचं बळ सारखं यायचं असेल तर वेगाचा वर्गच घ्यायला हवा.

हॉलंडमध्ये लायडन इथे ग्रॅव्हसांड या प्राध्यापकानं हे प्रत्यक्ष करून पाहिलं. एकाच आकाराचे, पण वेगवेगळ्या वजनांचे पितळी गोळे त्यानं मऊ चिकणमातीत वरून सोडले. वजन आणि उंची यांचा गुणाकार सारखा असला की मातीत खड्डेही सारखेच पडत. म्हणजे चौथाई वजनाचा गोळा चौपट उंचीवरून सोडला, तर तो दुप्पट वेगानं आदळतो आणि तेवढाच खड्डा पाडतो. खड्ड्याच्या बाबतीत तरी लायब्निझची बाजू खरी ठरली. अलीकडे पुष्कळ ठिकाणी हा प्रयोग एमिलीच्या नावावर घातला जातो. ते बरोबर नाही. प्रयोग ग्रॅव्हसांडचा. त्याचा अर्थ ओळखून तो फ्रेंच वाचकांपुढे ठामपणे मांडणाऱ्यांत एमिली होती.

फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये मात्र लायब्निझचं म्हणणं सहसा मानलं जात नव्हतं. न्यूटनचे अनुयायी वर्गाच्या विरोधात होते. पॅरिस अकादमीतला वजनदार सभासद मेरां यानं १७२८ मध्ये जिवंत बळाविरुद्ध निबंध लिहिला होता. अग्नीवरच्या निबंधात एमिलीनंही मेरांचीच बाजू उचलून धरली होती. पण निबंध पाठवल्यावर तिनं योहान बर्नुलीचा, या वादातल्या लायब्निझच्या खंद्या समर्थकाचा, लेख बारकाईनं वाचला, मोपेर्त्यूईशी पत्रांतून खल केला, आणि तिचं मत बदललं. निबंध छापायला जात होता. त्यातला तो भाग बदलू द्या, अशी विनंती तिनं अकादमीला केली. मजकूर बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. शेवटी शुद्धिपत्रात दुरुस्ती घालून तिला समाधान मानावं लागलं.

बर्नुलीचा एक युक्तिवाद संवेगाच्या घटकांशी थेट जोडलेला आहे. समजा, एका गोळ्याचा वेग २ आहे. वाटेत काही सारख्याच स्प्रिंगा आहेत. एक स्प्रिंग पूर्ण दाबायला वेग १ लागतो. गोळा पहिल्या स्प्रिंगवर समोरून न आदळता तिरका आदळतो, असा की स्प्रिंगच्या दिशेनं त्याच्या वेगाचा घटक बरोबर १ असेल. स्प्रिंग दाबली जाते आणि तो घटक संपतो. काटकोनातला दुसरा घटक मात्र तसाच उरतो. पायथागोरसच्या नियमानं हा उरलेला वेग ३ च्या वर्गमुळाइतका. दुसऱ्या स्प्रिंगवर पुन्हा तसाच तिरका फटका बसला की उरतो २ च्या वर्गमुळाइतका. तिसऱ्यानंतर उरतो १. चौथ्या स्प्रिंगवर गोळा समोरून आदळतो आणि थांबतो. वेग २, पण दाबल्या गेलेल्या स्प्रिंगा ४. वर्गच जिंकला!

इथे सुरुवातीच्या गणिताकडे एकदा बघावं. संवेगाचे घटक ८ आणि ६ होते. त्यांची नुसती बेरीज १४ होते, पण एकूण संवेग १० आहे. ऊर्जेचा हिशेब वेगळा. आडव्या गतीची ऊर्जा १६ ज्यूल, उभ्या गतीची ९ ज्यूल, आणि दोन्ही मिळून बरोबर २५. ऊर्जेची बेरीज साधी होते, कारण तिला दिशा नाही. संवेगाची बेरीज दिशा धरूनच करावी लागते. बर्नुलीच्या चार स्प्रिंगांनाही प्रत्येकी १ असा धक्का बसला, पण वेगवेगळ्या दिशांना. ते चार धक्के दिशेसकट मिळवले तर उत्तर २ येतं, म्हणजे सुरुवातीला होतं तेवढंच. ऊर्जेचा हिशेब जुळतो आणि संवेगाचाही.

१७४० मध्ये एमिलीनं भौतिकशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचं आपलं पुस्तक छापलं. सुरुवातीला नाव न देता. निमित्त होतं मुलाचं शिक्षण. तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता, आणि फ्रेंच भाषेत त्याला देता येईल असं ताजं पुस्तक तिला दिसत नव्हतं. पण पुस्तक मुलासाठी म्हणून सोपं करून थांबलं नाही. शेवटच्या प्रकरणात तिनं बळाच्या मापाचा वाद घेतला आणि मेरांच्या युक्तिवादातल्या त्रुटी नाव घेऊन दाखवल्या.

त्यात तिनं हेर्मान या गणितीचं एक उदाहरण घेतलं आहे. वस्तुमान १ आणि वेग २ असलेला गोळा, वस्तुमान ३ असलेल्या स्थिर गोळ्यावर समोरून आदळतो. दोन्ही गोळे पूर्ण लवचीक. जड गोळा वेग १ नं पुढे जातो, हलका वेग १ नं मागे उसळतो. साधारण पाच ग्रॅमची सोंगटी पंधरा ग्रॅमच्या स्ट्रायकरवर समोरासमोर आपटली तर असंच काहीसं होतं. आता हिशेब मांडा. आधी वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग होता ४. नंतर जड गोळ्याचा ३ आणि हलक्याचा १, म्हणजे पुन्हा ४. काही हरवलं नाही, काही वाढलं नाही. देकार्तच्या रीतीनं, दिशा न पाहता, वस्तुमान गुणिले वेग आधी होता २ आणि नंतर ३ अधिक १, म्हणजे ४. एका टकरीत गती दुप्पट! हे अशक्य. मागे उसळलेल्या गोळ्यापुढे उणे चिन्ह लावलं की मात्र ३ वजा १ म्हणजे २, आणि संवेगही जुळतो. एका उणे चिन्हात सगळा फरक आहे. संवेगाला दिशा असते म्हणून तो उणे होऊ शकतो. वेगाच्या वर्गाला ती सोय नाही.

पुस्तकाचा गाजावाजा झाला आणि त्रासही सुरू झाला. सॅम्युएल क्योनिग या गणितीला तिनं काही काळ शिकवणीसाठी ठेवलं होतं. पुस्तक म्हणजे माझीच शिकवणी आहे, असं तो सांगत सुटला. बाईनं स्वतः लिहिलं नसणारच, हे मानायला पुष्कळ लोक एका पायावर तयार होते. मेरां तोवर अकादमीचा स्थायी सचिव झाला होता. १७४१ च्या फेब्रुवारीत त्यानं एमिलीला उद्देशून जाहीर पत्र छापलं. तिनं आपला निबंध नीट वाचलेला नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून मत बदललं आहे, असा त्याचा सूर होता.

एमिलीनं काही आठवड्यांतच उत्तर छापलं. मेरांचा निबंध ओळीनं घेऊन तिनं मुद्देसूद जबाब दिला. पॅरिसच्या अकादमीच्या सचिवाशी एका बाईनं छापील वाद घालणं हीच मोठी गोष्ट होती. त्यातही गंमत अशी की त्याच वर्षी व्हॉल्तेअरनं याच विषयावर टिपण लिहून अकादमीला दिलं, आणि त्यात बाजू घेतली मेरांची. एका छपराखाली राहणारी दोन माणसं बळाच्या प्रश्नावर विरुद्ध टोकांना होती. एमिली न्यूटनला मानत होती, पण न्यूटनच्या गोटातलं सगळंच मानायला ती बांधील नव्हती.

मग बरोबर कोण होतं? मेरांचं म्हणणं निव्वळ चूक नव्हतं. रस्त्यावरची गाडी घ्या. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लावून थांबवायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ ताशी ८० किलोमीटरची गाडी त्याच जोराच्या ब्रेकनं थांबवायला लागतो. पण तेवढ्यात ती अंतर कापते चौपट. वेळ मोजला तर माप वेगाच्या पटीत येतं. तो संवेग. अंतर मोजलं तर माप वेगाच्या वर्गाच्या पटीत येतं. ती ऊर्जा. मेरां वेळ मोजत होता, लायब्निझ आणि एमिली अंतर. १७४३ मध्ये दालांबेरनं हा वाद बराचसा शब्दांचा आहे असं म्हटलं, ते याच अर्थानं. एकाच ‘बळ’ या शब्दात दोन वेगळ्या राशी कोंबल्या गेल्या होत्या. एमिलीच्या बाजूलाही अर्धंच उत्तर होतं. मात्र तिच्या देशात आणि तिच्या गोटात जे अर्धं उत्तर नाकारलं जात होतं, ते तिनं जपलं. सूत्रातला अर्धा आला १८२९ मध्ये कोरिऑलिसच्या लेखनातून, आणि गतिज ऊर्जा हे नाव रूढ झालं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

१७४२ मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्या नावानिशी. पुढच्याच वर्षी जर्मन आणि इटालियन भाषांतरं आली. १७४६ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या विज्ञान अकादमीनं तिला सभासद करून घेतलं. पॅरिसच्या अकादमीत स्त्रीला जागा नव्हतीच. तिथे पूर्ण सभासद म्हणून पहिली स्त्री निवडली गेली ती १९७९ मध्ये.

एव्हाना एमिलीनं सर्वांत मोठं काम हाती घेतलं होतं. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणायचा. न्यूटननं त्यात पुष्कळसं भूमितीच्या भाषेत लिहिलं होतं. तिला नुसतं भाषांतर नको होतं. युरोपात तोवर रुळलेल्या कलनशास्त्राच्या भाषेत त्यातलं गणित पुन्हा मांडणारं भाष्यही जोडायचं होतं. क्लेरो तिची आकडेमोड तपासून देत असे.

१७४८ मध्ये लोरेन प्रांतात, ल्युनेव्हिलच्या दरबारी, ती सँ-लांबेर या तरुण कवी-अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली. वर्ष संपता संपता तिला दिवस गेल्याचं लक्षात आलं. वय बेचाळीस. त्या काळी बाळंतपण म्हणजे कुठल्याही वयात जिवावरचा खेळ, आणि या वयात तर फारच. आपण यातून वाचणार नाही ही धास्ती तिच्या मनात घर करून बसली. न्यूटनचं काम अपुरं राहता कामा नये, एवढंच मग तिच्यापुढे उरलं. १७४९ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात भेटीगाठी, नाटकं, मेजवान्या तिनं तोडून टाकल्या. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत ती लिहीत बसे. बाळंतपणासाठी ल्युनेव्हिलला गेल्यावरही हे थांबलं नाही. प्रसूतीच्या काही दिवस आधी काम पुरं करून तिनं हस्तलिखित पॅरिसच्या राजग्रंथालयात सुरक्षित ठेवण्यासाठी पाठवून दिलं.

४ सप्टेंबरला मुलगी झाली. प्रसूती सुखरूप पार पडली असं सगळ्यांना वाटलं. पण प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे फसवे असतात. रक्तात गुठळी होणं आणि जंतुसंसर्ग हे त्या दिवसांतले मोठे धोके आजही डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बघतात. एमिलीच्या काळी जंतू ठाऊक नव्हते आणि औषधही नव्हतं. १० सप्टेंबर १७४९ रोजी ती गेली. नवरा, व्हॉल्तेअर आणि सँ-लांबेर असे तिघेही तेव्हा ल्युनेव्हिलमध्ये होते. बाळही दोन वर्षांचं होण्याआधी दगावलं.

हस्तलिखित दहा वर्षं थांबून राहिलं. मग एक वेळ आली. न्यूटनच्या नियमांवर विसंबून हॅलेनं ज्या धूमकेतूच्या परतीचं भाकीत केलं होतं, तो येणार होता. क्लेरोनं त्याची तारीख काढायला घेतली. १७५९ च्या वसंतात, क्लेरोनं सांगितलेल्या दिवसाच्या जेमतेम महिनाभर आधी, धूमकेतू सूर्याजवळून गेला. त्याच वर्षी एमिलीचा ‘प्रिन्सिपिया’ पूर्ण स्वरूपात बाजारात आला. आज पावणेतीनशे वर्षांनंतरही फ्रेंच वाचक न्यूटन वाचतो तो मुख्यतः तिच्याच शब्दांत.